वारा कुठल्या बाजूचा, लाट किती सेकंदांची?

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर राहणाऱ्या, कामासाठी किंवा सुट्टीसाठी तिथे जाणाऱ्या वाचकांनी हवामान आणि समुद्र यांविषयी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांमधली तक्रार सारखीच आहे: अंदाज वाचून गेलो, समुद्र वेगळाच निघाला. अंदाज मोकळ्या समुद्राचा असतो आणि आपण उभे असतो बेटाच्या एका विशिष्ट किनाऱ्यावर. या दोहोंमधलं गणित ज्याचं त्याला करावं लागतं.

प्रश्न: 'वारा पूर्व-ईशान्य, १८ ते २२ नॉट. लाटा १.८ मीटर, ८ सेकंद. उत्तर-वायव्येकडून स्वेल १.२ मीटर, १५ सेकंद. तुरळक सरी.' रोज सकाळी असा मजकूर वाचायला मिळतो. यातलं नेमकं काय बघायचं?

उत्तर: सगळ्यात आधी वाऱ्याची दिशा बघा आणि आपण बेटाच्या कुठल्या अंगाला आहोत ते आठवा. वारा जिकडून येतो ती त्याची दिशा. समुद्राच्या प्रवाहाचं उलट असतं, तो जिकडे जातो ती दिशा सांगतात. म्हणजे 'पूर्वेचा वारा' आणि 'पश्चिमेचा प्रवाह' दोन्ही एकाच बाजूला चाललेले असतात. नव्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.

नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल, १.८५२ किलोमीटर. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. आकडा जुळतोय का हे पाण्याकडे बघून ताडता येतं. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेली मोजपट्टी आजही त्यासाठी वापरात आहे: ७ ते १० नॉटला लाटांवर इकडेतिकडे पांढरे तुरे दिसू लागतात, ११ ते १६ ला ते बरेच होतात, १७ ते २१ ला जिकडेतिकडे दिसतात आणि थोडे तुषारही उडतात. अंदाजातला वेग ही काही मिनिटांची सरासरी असते. झोत त्याहून ३० ते ४० टक्क्यांनी जोराचे येतात, म्हणून २० नॉटच्या दिवशी २७-२८ नॉटच्या झोतांची तयारी ठेवायची.

आता उंची. '१.८ मीटर' ही सगळ्या लाटांची सरासरी नव्हे. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढलेली असते. बहुतेक लाटा त्याहून लहान असतात, पण काही मोठ्या असतात, आणि काही तासांत एखादी तरी जवळजवळ दुप्पट उंचीची येते. ८ सेकंदांच्या समुद्रात दिवसाला १०,८०० लाटा येतात. त्यामुळे साडेतीन मीटरची लाट दिसली तर अंदाज चुकला असं समजू नका; ती त्या आकड्यात धरलेलीच असते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सेकंदांकडे. एक माथा गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा हा वेळ. ५ ते ९ सेकंदांच्या लाटा जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या असतात: खडबडीत, आखूड, होडीला हिसके देणाऱ्या. १२ सेकंदांच्या पुढच्या लाटा दूरच्या वादळातून निघून इथवर आलेल्या असतात, त्यांनाच स्वेल म्हणतात. लाटेने किनाऱ्यावर आणलेली ताकद उंचीचा वर्ग गुणिले सेकंद या प्रमाणात वाढते. वरच्या अंदाजात वाऱ्याच्या लाटांचा गुणाकार २६ च्या आसपास येतो आणि स्वेलचा साधारण २२. उंचीने दोन तृतीयांश असलेला स्वेल ताकदीने जवळजवळ बरोबरीचा आहे.

दोन्ही मिळून समुद्र किती? १.८ आणि १.२ यांची सरळ बेरीज करायची नाही. दोघांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढायचं: सुमारे २.२ मीटर. आणि मग बाजू. या दिवशी पूर्व किनाऱ्यावर पाणी खवळलेलं आणि गढूळ असेल. उत्तर किनाऱ्यावर मोठ्या, सावकाश फुटणाऱ्या लाटा असतील. नैर्ऋत्येचा एखादा उपसागर इतका शांत असेल की हा अंदाज याच बेटाचा आहे यावर विश्वास बसणार नाही.

प्रश्न: वारा पडलेला, आकाश निरभ्र, पाणी आरशासारखं, आणि तरी उंच लाटांचा इशारा. असा इशारा कितपत मनावर घ्यायचा?

उत्तर: पूर्णपणे. खडकावरून माणसं ओढली जाण्याचे प्रकार अशाच छान दिवशी घडतात, कारण वादळाच्या दिवशी तिथे कोणी जातच नाही.

खोल पाण्यात लाटांचा समूह किती वेगाने पुढे सरकतो याचा हिशेब सोपा आहे: सेकंदांची दीडपट केली की नॉटमधला वेग मिळतो. १६ सेकंदांचा स्वेल २४ नॉटने येतो, म्हणजे दिवसाला ५७६ समुद्री मैल. अडीच हजार मैलांवर वादळ झालं असेल तर तो साधारण सव्वाचार दिवसांनी पोचतो. त्याच वादळातल्या १२ सेकंदांच्या लाटांना जवळपास सहा दिवस लागतात. म्हणून सगळ्यात लांब, सगळ्यात जास्त सेकंदांच्या लाटा आधी येतात. त्या अगदी कमी उंचीच्या असतात आणि लांबून बघणाऱ्याला समुद्र झोपल्यासारखा वाटतो.

मग किनाऱ्याशी त्या एवढ्या उंच कशा होतात? लाटेच्या निम्म्या लांबीइतकी खोली आली की लाटेला तळ जाणवू लागतो. ८ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात १०० मीटर असते, तिला ५० मीटर खोलीवर तळ लागतो. १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब असते आणि तिला २०० मीटरवरच तळ जाणवतो. ती मंदावते, आखूड होते आणि तेवढीच ऊर्जा उंचीत जाते. खोल समुद्रातून एकदम वर आलेल्या बेटाला पसरट उथळ पट्टा नसतो, त्यामुळे वाटेत तिची ताकद खर्चही होत नाही.

शिवाय या लाटा गटाने येतात. चार-सहा मोठ्या, मग बराच वेळ काहीच नाही. ही शांतता १५-२० मिनिटंही टिकते आणि तेवढ्यात माणूस खडकाच्या टोकापर्यंत चालत जातो. म्हणून पाण्याजवळ जाण्याआधी उंचावर थांबून पूर्ण २० मिनिटं घड्याळ लावून बघा. ओला खडक दिसला की लाट तिथवर येऊन गेली आहे असं धरा. भरतीचं पाणी चढत असेल तर ती त्याच्याही वर येईल. समुद्राकडे पाठ करायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

कोणी पडलंच, तर त्याने त्याच खडकावर परत चढायची धडपड करू नये, लाट तिथेच आपटते. खडकापासून दूर समुद्रात, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन तरंगत राहावं. वरच्यांनी उडी मारू नये. तरंगेल ते फेकावं, रिकामा झाकणबंद कॅनसुद्धा चालतो. मदत बोलवावी आणि माणसावरची नजर हलवू नये.

प्रश्न: आठवडाभर रोज पावसाचंच चिन्ह आणि ४० टक्के शक्यता दिसते. बेत रद्द करावेत का?

उत्तर: नको. त्या मुदतीत एखाद्या ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता म्हणजे ते ४० टक्के. दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, असा त्याचा अर्थ नाही.

व्यापारी वाऱ्यांच्या, म्हणजे उष्ण कटिबंधात बहुतेक काळ पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांच्या पट्ट्यात ढग बहुधा दोन किलोमीटरच्या आसपास अडतात, कारण त्या उंचीवर कोरड्या, उबदार हवेचं झाकण असतं. ढग बुटके, म्हणून सरही लहान: पाच ते पंधरा मिनिटं आणि पुन्हा ऊन. वाऱ्याच्या बाजूला अशा सरी रात्री आणि पहाटे जास्त येतात. डोंगर मध्ये असेल तर तो ढग पिळून घेतो आणि पलीकडे कोरडी हवा उतरते. हवाईमधल्या काउआई बेटावर दीड हजार मीटरच्या वाइआलेआले शिखरावर वर्षाला सरासरी ९,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून सुमारे २५ किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्यावर ५०० ते ६०० मिलिमीटर. अख्ख्या बेटासाठी एकच चिन्ह वापरल्यावर हा फरक त्यात कसा मावणार? गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर ऊन असतं.

व्यापारी वारा पडला की मात्र हे सगळं पालटतं. सकाळ निर्मळ असते, उन्हाने जमीन तापते, खारे वारे चहूबाजूंनी आत शिरतात आणि दुपारी बेटाच्या मध्यावर उंच ढग उभा राहतो. तेव्हा आडोशाच्या बाजूलाही जोराचा पाऊस होतो, आणि सकाळी कोरडं वाटलेलं ऊन फसवतं. अशा दिवशी डोंगरातली वाट दुपारी बारापर्यंत उतरून मोकळं व्हावं.

ओढ्यात किंवा धबधब्याखाली असताना पाणी अचानक गढूळलं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान न आवरता आधी वर चढा. पाऊस डोंगरात पडतोय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाण्याला ते माहीत नसतं. मोठ्या पावसानंतर नदीच्या मुखाशी समुद्र तपकिरी दिसत असेल तर किमान दोन दिवस तिथे पोहू नये. त्या पाण्यात सांडपाणी, लाकडं आणि जंतू असतात, शिवाय समोरचं काही दिसत नाही.

प्रश्न: आमच्यासमोरचा उपसागर एकदम शांत असतो. मुलांना फुगवलेल्या तराफ्यावर किंवा उभ्याने वल्हवायच्या फळीवर सोडायला हरकत आहे का?

उत्तर: फुगवलेल्या तराफ्यावर अजिबात नको. आणि फळीबद्दल बोलण्याआधी पाणी शांत का आहे ते तपासा.

लाट उठायला वाऱ्याला लांबवर मोकळं पाणी लागतं. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्यालगत ते अंतरच मिळत नाही. वारा २० नॉटचा असला तरी पाणी सपाट दिसतं. झाडं आणि डोंगर आडोसा देतात म्हणून तो अंगालाही लागत नाही. दोन-तीनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो, वारा पाठीवर येतो आणि फळी आपसूक बाहेर पळू लागते. जाताना मजा वाटते. वळल्यावर कळतं की परतीचं अंतर कमीच होत नाहीये. उभा माणूस शिडासारखं काम करतो आणि १५ नॉटच्या समोरच्या वाऱ्यात नवशिक्याला जागेवर टिकून राहणंही कठीण जातं.

म्हणून आधी डोंगरावरच्या झाडांचे शेंडे आणि ढगांची चाल बघा, कारण किनाऱ्यावरचा झेंडा आडोशात असतो. खोल पाण्यावर काळसर, सुरकुतलेले पट्टे बाहेरच्या दिशेने धावताना दिसले तर ते झोत आहेत. सुरुवात नेहमी वाऱ्यासमोर वल्हवत करायची, म्हणजे दमल्यावर वारा घराकडे आणतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, पुढे झाड आणि मागे छप्पर अशा, एका रेषेत धरायच्या. त्या एकमेकींपासून सरकल्या की आपण वाहतोय. फळीचा दोर पायाला, अंगात तरंगणारं जाकीट, गळ्यात शिट्टी, जलरोधक पिशवीत फोन. वारा अंगावर आला तर फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारा; तेही जमेना तर फळी सोडू नका. पोहत किनारा गाठायच्या नादात फळी सोडणं हीच इथली सर्वांत घातक चूक आहे.

व्यापारी वारा सकाळी नऊ-दहानंतर वाढतो आणि दुपारी भरात असतो. सातला उतरून दहाला बाहेर येणं उत्तम. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत आणि बेटाच्या टोकांशी वारा दाबला जाऊन अंदाजापेक्षा पाच ते दहा नॉटने वाढतो, हे होडीवाल्यांनी आकड्यात मिळवूनच निघावं.

प्रश्न: भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते असं शिकलो होतो. पण एका बेटावर ती रोज दुपारी आणि मध्यरात्रीच येते असं वाचलं. हे शक्य आहे का?

उत्तर: हो, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर तसंच असतं. चंद्रामुळे येणारी भरतीची लाट महासागरात काही बिंदूंभोवती फिरते आणि त्या बिंदूपाशी तिचा चढउतार शून्याजवळ येतो. ताहिती अशा बिंदूच्या जवळ आहे, म्हणून तिथे सूर्याची छोटी भरती वरचढ ठरते आणि घड्याळाबरोबर चालते: बाराच्या सुमारास भरती, सहाच्या सुमारास ओहोटी, फरक जेमतेम ३० सेंटिमीटर.

इतरत्र पन्नास मिनिटांचा नियम लागू आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. खोल महासागरातल्या बेटांवर उधाणाचा फरकही बहुधा एक मीटरच्या आतच असतो. पण म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता बाजूला ठेवू नका. प्रवाळभित्तीवर पाणी एक मीटर आहे की अर्धा, यावर पोहणाऱ्याचे गुडघे सोलवटणार की नाही हे ठरतं.

आणि भित्तीच्या आतल्या लगूनमध्ये, म्हणजे भित्ती आणि किनारा यांमधल्या उथळ पाण्यात, प्रवाह फक्त भरती-ओहोटीने ठरत नाही. बाहेरच्या लाटा भित्तीवर फुटून पाणी आत लोटतात, ते पाणी भित्तीतल्या खिंडीतून बाहेर पडतं. स्वेल मोठा असेल तर तक्त्याप्रमाणे भरती चढत असतानाही खिंडीतला ओघ बाहेरच वाहत राहतो. मासे बघायला उतरणाऱ्यांनी खिंडीपासून लांब राहावं. ओढ लागली तर उलट पोहू नये, आडवं पोहत कडेला यावं. होडीसाठीही बाहेर जाणारा ओघ आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात ती जागा वाईट, लाटा तिथे उभ्या आणि आखूड होतात. ओघ सर्वांत मंद असेल आणि सूर्य उंच व पाठीमागे असेल अशी वेळ निवडा. सूर्य समोर असला की चकाकीत प्रवाळ दिसत नाहीत.

प्रश्न: दिवसभर ढगाळ होतं, गार वारा होता, तरी पाठ भाजली. असं कसं?

उत्तर: गारवा वाऱ्याचा होता, अतिनील किरणांचा त्याच्याशी संबंध नाही. या भागात दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो आणि विरळ ढगांतून बराचसा खाली पोचतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेवढा वेळ अंगभर कपडे घालूनच पाण्यात उतरा. मलम पाण्याने आणि घामाने निघतं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

प्रश्न: घरी छोटं हवामान केंद्र बसवलं आहे. आर्द्रता सतत जास्त आणि वारा अंदाजाच्या निम्मा दाखवतो. यंत्र खराब निघालं का?

उत्तर: वाऱ्याचा दोष बहुधा जागेचा आहे. अधिकृत वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत मोजतात. अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट तरी लांब हवा. छपरालगत, माडांच्या आत लावलेलं यंत्र निम्माच आकडा देणार. आर्द्रतेचा दोष मिठाचा असतो. समुद्राचे तुषार संवेदकाच्या जाळीवर सुकून मिठाचा थर बसतो, तो हवेतली ओल शोषून धरतो. बाहेरचं कवच महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, संवेदकाला हात लावू नका. पर्जन्यमापकाची गाळणी पाचोळा, कोळ्यांची जाळी आणि पक्ष्यांच्या विष्ठेने तुंबते, तीही त्याच वेळी बघा.

प्रश्न: बॅरोमीटर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. वादळाची खूण यातून कशी ओळखायची?

उत्तर: तो चढउतार अगदी योग्य आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो, पहाटे चार आणि दुपारी चारला सर्वांत कमी. फरक २ ते ३ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक). सूर्याच्या उष्णतेने अख्ख्या वातावरणाला येणारी ही भरती-ओहोटी. त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार दाब उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही.

तुलना नेहमी कालच्या त्याच वेळेशी करा. त्या वेळेच्या आणि त्या महिन्याच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ हेक्टोपास्कल खाली गेला तर सावध व्हा आणि दर तासाला नोंद सुरू करा. ५ खाली गेला तर चक्रीवादळ जवळ आहे असं धरून वागा. रोजची दुहेरी लय मोडून दाब एकसारखा उतरत राहणं हीसुद्धा खूणच. यंत्राची जागा बदलू नका: समुद्रसपाटीवरून ८० मीटर उंचावरच्या घरात नेलं तरी आकडा साधारण ९ ने उतरतो आणि उगाच धांदल उडते.

दाबाच्या आधी बऱ्याचदा समुद्र सांगतो. रोज ७-८ सेकंदांनी येणाऱ्या लाटा १२-१५ सेकंदांच्या होऊ लागल्या, त्याही नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेने, तर अधिकृत सूचना तातडीने बघा. वादळाचं केंद्र कुठे आहे याचा ढोबळ अंदाज वाऱ्यावरून येतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड केलं की ते उजव्या हाताला थोडं मागे असतं, दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला. डोंगराळ बेटावर जमिनीलगतचा वारा वळलेला असतो, तेव्हा खालच्या ढगांची चाल धरावी. वाऱ्याची दिशा बदलत नाही, वेग वाढतोय आणि दाब पडतोय, असं असेल तर वादळ सरळ तुमच्याकडे येतंय.

घर पक्कं आहे म्हणून ओढ्याकाठी थांबू नका. ७ आणि ८ जानेवारी १९६६ ला हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर फॉक-फॉक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उंच बेटावर चक्रीवादळ असं पाणी ओतू शकतं. आणि वारा एकाएकी थांबून आकाश उघडलं तर तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असू शकतो. बाहेर पडू नका, खिडक्या उघडू नका. काही मिनिटांत किंवा तासाभरात वारा विरुद्ध दिशेने, तेवढ्याच जोराने परत येतो, आणि आधीच्या वाऱ्यात आडोशाला असलेली भिंत आता त्याच्या समोर असते. त्या मधल्या वेळात फक्त एक काम करा: घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या बाजूच्या खोलीत हलवा.